प्रयोगशाळेतील एक वर्ष आणि अण्णांचा प्रश्न

सांगलीच्या बाजारपेठेत आमच्या घराण्याचे हळदीचे अडत दुकान आहे. माझे आजोबा, ज्यांना घरातले आणि पेठेतले सारेच ‘अण्णा’ म्हणतात, त्यांनी सोळाव्या वर्षी गादीवर बसून रोजकीर्द लिहिण्यास आरंभ केला. पोत्यांची संख्या, वजन, तूट, हमाली, तोलाई यांचा हिशेब ते तोंडी करीत आणि आकडा सहसा चुकत नसे. काही वर्षांपूर्वी त्यांना विसर पडू लागला. पन्नास वर्षांमागच्या हंगामात कोणत्या गावच्या हळदीला काय भाव निघाला होता, हे ते आजही सांगतात. परंतु सकाळी मंदिरात जाऊन आलो की नाही, हे त्यांना दुपारी आठवत नाही. जेवण होऊन अर्धा तास झाला की “आज जेवायचं नाही काय?” असे ते शांतपणे विचारतात आणि माझी आजी तितक्याच शांतपणे उत्तर देते.

त्या सुमारास मी पुण्यातील एका विज्ञानसंस्थेत शिकत होते. पदवी अभ्यासक्रमाचे अखेरचे वर्ष संशोधन-प्रकल्पासाठी राखलेले होते. मी मेंदूविज्ञान हा विषय निवडणार, असे घरी सांगितले, तेव्हा वडिलांनी पुढे नोकरी कोठे मिळणार हे विचारले, आईने प्रयोगशाळेतून रात्री परतायला किती वाजतील हे विचारले. अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “पोरी, त्यात जीव मारावा लागतो काय?”

पुढील वर्षभर माझ्या कामाला वळण लावले ते या प्रश्नाने. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आता जीवशास्त्राकडे वळत आहेत आणि घराघरांतून हाच प्रश्न निघत असणार, म्हणून हा अनुभव सविस्तर सांगावासा वाटतो.

प्रश्न लहान करावा लागतो

मार्गदर्शक प्राध्यापिकांकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा “माणसाची स्मृती का जाते, यावर मला काम करायचे आहे,” असे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी विचारले, “तुझ्याजवळ महिने किती?” मी म्हटले, दहा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग दहा महिन्यांत मावेल एवढा प्रश्न घेऊन ये.”

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. ज्याच्या शरीरात अवघ्या ३०२ चेतापेशी आहेत, अशा एका सूक्ष्म कृमीच्या पेशीजोडणीचा संपूर्ण नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे परिश्रम करावे लागले. हे वाचल्यावर माझ्या मूळ प्रश्नाचा आवाका माझ्या ध्यानी आला.

वाचनाच्या त्या पहिल्या दोन महिन्यांत अण्णांच्या विसराचे थोडेसे मर्म मात्र कळले. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. झटके कमी झाले. परंतु नवी आठवण साठवण्याची त्याची शक्ती गेली. बालपणीच्या गोष्टी त्याला सांगता येत, मात्र क्षणापूर्वी भेटलेला माणूस पुन्हा आत आला की तो त्याला नवाच वाटे. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला शिकवली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला मुळीच आठवण नसे. म्हणजे स्मृती ही एकच पेटी नव्हे. नवी नोंद करणारी जागा वेगळी आणि हाताच्या सवयी जपणारी वेगळी. अण्णांना मंदिरात जाऊन आल्याचे आठवत नाही, पण आकड्यांची रांग समोर ठेवली की त्यांचे बोट आपोआप खाली सरकते आणि बेरीज होते, हे त्याच जातीचे असावे, असे मला वाटू लागले. अण्णांना झालेला विकार निराळा आहे, ही जाणीव ठेवूनच मी हे म्हणते.

जीव मारावा लागतो काय?

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘काही ठिकाणी होय’ असे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

मेंदूविज्ञानाच्या अनेक प्रयोगशाळांतून उंदीर वापरले जातात. काही प्रयोगशाळा केळ्याभोवती घोंगावणाऱ्या बारीक फळमाशीवर काम करतात. या माशीच्या अभ्यासाची आपल्या देशातील परंपरा फार मोठी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास व चव कशी कळते यावर केलेले काम जगभर मान्य झाले. माझी एक मैत्रीण अशाच प्रयोगशाळेत होती. तिने मला प्रामाणिकपणे सांगितले की प्रयोग झाल्यावर उरलेल्या माश्या अल्कोहोलच्या बाटलीत टाकाव्या लागतात आणि वर्षभरात त्यांची गणती हजारांत जाते.

उंदरासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर प्रयोग करायचा, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीचे नियम लागू होतात आणि प्रत्येक संस्थेतील प्राणी-नैतिकता समितीची पूर्वसंमती घ्यावी लागते. या नियमांमागील विचार रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५९ साली मांडला : शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरावे, वापरलेच तर कमीत कमी प्राणी वापरावेत आणि त्यांना होणारी वेदना कमीत कमी असावी. आपल्या देशात त्याला प्राण्यांच्या पुनर्वसनाची जोडही देण्यात आली आहे. माशीसाठी मात्र अशी संमती प्रत्यक्षात मागितली जात नाही. व्यवहारातील नियमांची रेषा पाठीच्या कण्यापाशी थांबते. आपल्या परंपरेने जिवांची गणना इंद्रियांवरून केली. तिच्यात कृमी द्वींद्रिय, माशी चतुरिंद्रिय आणि उंदीर पंचेंद्रिय आहे. म्हणून या नियमांना जिथे प्रश्न पडत नाही तिथेही आपल्या घरातील मुलाला तो पडतो. त्याने तो मनात न ठेवता मार्गदर्शकांना पहिल्याच दिवशी विचारावा. मी विचारला, तेव्हा माझ्या प्राध्यापिकांनी त्याचा अनादर केला नाही. त्या म्हणाल्या, “मग माणसांबरोबर काम कर. माणूस निदान ‘नको’ म्हणू शकतो.”

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. माझ्या हातून एकही जीव गेला नाही, म्हणून माझे ज्ञान निर्मळ आहे, असे मी म्हणू शकत नाही. चेतापेशीतून विजेचा संदेश कसा धावतो, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुल या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये दाखवले आणि पुढे १९६३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांचे समीकरण आहे. ते ऋण नाकारता येत नाही.

टोपी, तेल आणि दोन सूर

शेवटी ठरलेला प्रश्न असा : कानावर एकसारखा सूर पडत असताना मधूनच निराळा सूर आला, तर मेंदू त्याची दखल किती वेळात घेतो? तरुणांत आणि साठीपलीकडच्या व्यक्तींत त्यात किती अंतर पडते? आणि सुराबरोबर दिवाही लुकलुकला, तर वृद्धांना त्याची मदत होते का?

यासाठी ईईजी हे साधन वापरले. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत-स्पंदने प्रथम नोंदवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात सुई नाही, विजेचा धक्का नाही. बारीक चकत्या बसवलेली कापडी टोपी डोक्यावर घालायची आणि प्रत्येक चकतीखाली खारट लेप भरायचा, एवढेच. चकत्यांच्या जागा शिंप्याप्रमाणे फितीने मापून ठरवाव्या लागतात : नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याचे ठरावीक टक्क्यांनी भाग पाडायचे.

स्पंदने अतिशय क्षीण असतात, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावी लागणारी. सहभागी व्यक्तीने डोळे मिचकावले किंवा दात आवळले, तरी त्याचा गोंगाट मेंदूच्या आवाजाहून कितीतरी मोठा होतो. म्हणून एकच सूर ऐकवून काही दिसत नाही. मी प्रत्येकास ४०० सूर ऐकवीत असे. त्यांतील ८० निराळे. सौद्याच्या वेळी यार्डात शंभर जण एकदम ओरडत असतात, तेव्हा एका माणसाचा शब्द कळत नाही. पण तो तोच शब्द ऐंशी वेळा ठरावीक क्षणी उच्चारील, तर साऱ्या नोंदींची सरासरी काढल्यावर इतरांचा कल्ला विरतो आणि त्याचा शब्द वर येतो. तसेच येथे घडते. निराळ्या सुरानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक लाट उठते. १९६५ साली ती प्रथम वर्णिली गेली आणि वयानुसार ती उशिरा येते, हेही पूर्वीपासून ज्ञात आहे.

ग्रंथांत न सापडणाऱ्या अडचणी फार. साठीपुढील स्त्रिया डोक्याला तेल लावून येत आणि तेलावर लेप धरत नसे. मग आदल्या दिवशी फोन करून “मावशी, उद्या न्हाऊन या, तेल मात्र नको,” अशी विनंती करावी लागे. ओळखीच्या जैन कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळी आली, तर त्यांना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवता यावे, म्हणून त्यांची वेळ दुपारीच ठेवावी लागे. लेप लागलेले केस धुवायला गरम पाणी हवे, पंचा हवा. टोपी बसवण्यातच पाऊण तास जाई. या साऱ्यासाठी आधी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मान्यता घेतली होती. प्रत्येकास मराठीत संमतिपत्र वाचून दाखवायचे आणि ‘मधेच उठून जाण्याचा तुम्हांला अधिकार आहे’ हे स्पष्ट सांगायचे, असा नियम होता.

हे सारे ऐकून अण्णांनाही टोपी घालून बसावेसे वाटले. ते मला करता आले नाही. ज्यांना विसराचा विकार नाही अशांनाच घेण्याची मान्यता होती. आणि ज्याला आपण कशास होकार दिला हे तासाभराने आठवत नाही, त्याची संमती खरी कशी मानायची? ज्यांच्यामुळे मी या विषयात आले, त्यांनाच प्रयोगाबाहेर ठेवावे लागले. याचे वाईट वाटले. पण नियम योग्य होता, असे आजही मला वाटते.

चुकलेला काटा

डिसेंबरपर्यंत अकरा व्यक्तींच्या नोंदी झाल्या होत्या. आलेख सुबक दिसत होते. एके दुपारी यंत्राची तपासणी करावी म्हणून मी ध्वनीची तार थेट नोंदयंत्राच्या एका रिकाम्या जागी जोडली. तेव्हा ध्यानात आले की संगणक ‘सूर वाजला’ अशी खूण करतो, त्यानंतर काही वेळाने प्रत्यक्ष सूर बाहेर पडतो. हा उशीर ठरावीक असता, तर तेवढा वजा करून भागले असते. परंतु तो कधी ४० मिलिसेकंद, तर कधी ९० होता. तरुण आणि वृद्ध यांतील ज्या अंतराचा मी शोध घेत होते, तेच मुळी पन्नासेक मिलिसेकंदांच्या घरातले. काट्याची चूक मालाच्या वजनाएवढी निघाली.

ही तपासणी प्रारंभीच करायला हवी होती. ती केली नाही, हा दोष सर्वस्वी माझा. त्या रात्री वसतिगृहात झोप आली नाही. ही गोष्ट इतर कोणालाही ठाऊक नव्हती. आलेख तर चांगलेच दिसत होते. सांगितले नसते, तर प्रबंध वेळेत झाला असता आणि बहुधा कोणी विचारलेही नसते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी सांगलीला गेले. अण्णा ओसरीवर बसले होते. मी कोणत्या इयत्तेत आहे, हे त्यांनी दोनदा विचारले. मग मी त्यांना प्रयोगाचे काही न सांगता एवढेच विचारले, “अण्णा, दुकानातला काटा महिनाभर चुकीचा होता, असं नंतर कळलं तर काय करायचं?”

त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. “त्या काट्यावर जेवढं मापलं, तेवढं सगळं पुन्हा मापायचं. शेतकऱ्याला बोलावून सांगायचं. आणि वहीत खाडाखोड करायची नाही. जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी लिहायची.” पाच मिनिटांनी त्यांनी मला पुन्हा माझी इयत्ता विचारली.

सोमवारी मी प्राध्यापिकांना सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत, फक्त “वहीत लिहिलेस का?” असे विचारले. प्रयोगशाळेच्या वहीचे नियम आमच्या गादीवरच्या वहीसारखेच असतात. पाने क्रमांकित असावीत, पान फाडू नये, शाईने लिहावे, चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारावी म्हणजे खालचे वाचता येते, आणि नोंद त्याच दिवशी करावी. मी त्या दिवसाच्या तारखेने सारे लिहिले. अकराही नोंदी बाद झाल्या. त्या अकरा व्यक्तींना फोन करून चूक सांगितली. त्यांतील आठ जण पुन्हा आले. तेल न लावता, कुरकुर न करता.

हाती काय लागले?

एप्रिलअखेर २४ व्यक्तींच्या नोंदी पूर्ण झाल्या. वृद्धांमध्ये लाट उशिरा येते, हे जगाला ठाऊक असलेले सत्य माझ्या नोंदींतही दिसले. दिव्याने मदत होते का, या माझ्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही. फरक दिसला नाही. आणि एवढ्या थोड्या व्यक्तींवरून ‘फरक नाहीच’ असेही ठामपणे म्हणता येत नव्हते. मी तसेच लिहिले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सर्वांत अधिक प्रश्न विचारले ते बाद केलेल्या अकरा नोंदींविषयी.

अण्णांच्या विसरावर मला औषध सापडले नाही. ते सापडणार नव्हतेच. परंतु त्यांच्याशी बोलण्याची माझी रीत बदलली. “आत्ताच तर सांगितलं!” असे आता माझ्या तोंडून निघत नाही. जे त्यांच्याजवळ शाबूत आहे, त्याविषयी मी त्यांना विचारते.

ज्यांना या वाटेने जायचे आहे

ज्या घरातील मुला-मुलींना हा मार्ग खुणावत असेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती देते.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात. पुण्याच्या आयसर या २००६ साली स्थापन झालेल्या संस्थेत पाचवे वर्ष प्रकल्पाचे असते. याखेरीज देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात मागवले जातात आणि सामान्य महाविद्यालयातील विद्यार्थीही ते करू शकतात. मेंदूविज्ञानाचे काम मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र व निम्हान्स, आणि हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र येथे चालते.

शास्त्रज्ञांना पत्र लिहिताना त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचावा आणि आपणास त्यातील काय समजले, काय समजले नाही, हे दहा ओळींत लिहावे. एकच मजकूर पन्नास जणांना धाडू नये. उत्तर आले नाही, तर तो अपमान समजू नये. पंधरवड्याने नम्रपणे पुन्हा लिहावे.

प्राण्यांवर काम न करण्याचा निश्चय असेल, तर मार्ग आहेत. ईईजी आहे, मेंदूची चुंबकीय चित्रे आहेत, आणि संगणकावरील काम तर फार वाढले आहे. २०२४ साली एका प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशींचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्या एका माशीवर आता हजारो विद्यार्थी अभ्यास करू शकतात. त्यासाठी दुसरी माशी मारावी लागत नाही. माणसांच्या ईईजीच्या नोंदीही अनेक संशोधकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. थोडे गणित आणि संगणकाची एखादी भाषा येत असेल, तर घरच्या संगणकावरही आरंभ करता येतो. महाविद्यालयातील विच्छेदनाची धास्ती अनेक पालकांना वाटते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबवण्याच्या सूचना २०१४ मध्येच दिल्या आहेत.

पालकांना एक विनंती. प्रकल्पाच्या वर्षात मुलाला “निकाल काय लागला?” असे महिन्या-महिन्याला विचारू नये. दुकान नवे असते, तेव्हा पहिल्या वर्षी नफा विचारीत नाहीत. वही नीट लिहिली जाते की नाही, एवढे पाहतात. येथेही तेच पाहावे. काम फसले, तर ते घरी येऊन सांगता येईल, एवढा मोकळेपणा मात्र ठेवावा. मला त्या शनिवारी सांगलीला जाता आले, ही माझ्या सबंध वर्षातील सर्वांत मोठी सोय होती.

अण्णा अजूनही विचारतात, “पोरी, त्यात जीव मारावा लागतो काय?” पूर्वी विचारल्याचे त्यांच्या ध्यानात नसते. मी दर वेळी पहिल्यापासून सांगते : काही ठिकाणी होय, मी मारला नाही, पण ज्यांनी मारले, त्यांच्या ज्ञानावर मी उभी आहे. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “मग ते वहीत लिहून ठेव.” मी लिहून ठेवले आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माणसांच्या नावांनंतर त्याची एक ओळ आहे.